वगळलेला वारा

चौकशी समितीपुढे बोलायचं एकच वाक्य सगुण गिरकरांनी घरून ठरवून आणलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी ते बोलून टाकलं.

"चूक माझीच आसा. वारो नव्हतो, तरी बोट पालथी झाली. म्हणजे चूक तांडेलाचीच."

आणि ते हात जोडून उभेच राहिले. एकसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं बोट चालवणारा तांडेल, आणि उभा असा की जणू शाळेत वर्गाबाहेर काढलंय.

समितीत पाच जण होते. त्यातली पाचवी डॉ. शरयू खवणेकर. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींना वाऱ्याचा अंदाज देणारा जो वारानकाशा होता, तो तिने घडवलेला. त्या दिवशी समुद्रावर वारा किती होता एवढंच सांगण्यासाठी तिला बोलावलं होतं. तिने समोरच्या पडद्यावरून वाचून दाखवलं, "एकोणीस सप्टेंबर दोन हजार एक्केचाळीस, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. पोफळबंदरापासून पश्चिमेला अडतीस किलोमीटर. वारा वायव्येचा, अकरा नॉट."

अकरा नॉट म्हणजे अंगणात कपडे वाळत घालावेत आणि ते नीट वाळावेत, इतपत वारा. असल्या वाऱ्यात चार माणसांची बोट उलटली आणि निखिल धुरी नावाचा तेहतीस वर्षांचा खलाशी जाळ्यात अडकून बुडाला. समितीला फार विचार करावा लागला नाही. तांडेलाची हयगय असा शेरा पडला आणि गिरकरांचा परवाना गोठवला गेला. निखिलची बायको सायली मागच्या बाकावर बसली होती. निकाल ऐकून ती उठली, गिरकरांसमोर जाऊन क्षणभर थांबली आणि त्यांच्या पायाशी थुंकून बाहेर गेली.

गिरकरांनी पाय मागे घेतला नाही. शरयूने मात्र मान वळवून कागद गोळा करायला घेतले.

डिझेलच्या बोटी बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बोटींवर डोलकाठीला कापडी शीड नव्हतं, विमानाच्या पंखासारखा एक ताठ, उंच पंख होता. बंदरातून बाहेर पडण्यापुरती बॅटरीची मोटार, पुढचं सगळं काम पंखाचं. लोक तिला पंखी म्हणत. आजोबा-पणजोबांच्या काळासारखा वारा पुन्हा घराघरातला विषय झाला. पण आजोबा आभाळ बघत, नातवंडं फोन बघत. फोनवर शरयूचा नकाशा असे. कुठे किती वारा, पंख पुरा उघडायचा की अर्धा, सगळं रंगांत दाखवलेलं. पाच वर्षांत तो इतका खरा ठरत आला होता की लोक बाहेर डोकं काढून बघेनासे झाले होते.

नकाशाला खाऊ घालायचं काम बोटीच करत. प्रत्येक पंखीच्या तळाला काडेपेटीएवढा तापमापक आणि डोलकाठीवर वारा मोजणारी भिंगरी. दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे रत्नागिरीला, शरयूच्या संस्थेत पोचत. आकडे आले की त्यांत खोटेही येणार. कुठे भिंगरीत जाळ्याचा धागा अडके, कुठे तापमापकावर शेवाळ धरे. म्हणून शरयूने एक चाळणी लिहिली होती. शेजारच्या बोटींच्या आकड्यांशी फारच विसंगत असलेला आकडा चाळणीवर अडकायचा. एखाद्या बोटीचे आकडे सारखेच अडकू लागले, तर ती सबंध बोट यादीतून काढायची. ते काम मात्र यंत्र आपणहून करत नसे. त्याला शरयूची सही लागायची.

समितीचा निकाल लागून तीन दिवस झाले होते. शरयू कचेरीत बसली होती आणि संगणकाने नेहमीचा वार्षिक प्रश्न विचारला. चाळणीवर अडकलेली चार वर्षांहून जुनी वाचनं, म्हणजे हे आकडे, पुसून टाकायची का? दरवर्षी ती न बघता हो म्हणायची. ह्या वर्षी तिचं बोट बटणावर तसंच राहिलं. कशामुळे, ते तिला नंतरही धड सांगता आलं नाही. गिरकरांचा न हललेला पाय डोळ्यांसमोर होता खरा.

तिने वगळलेल्या बोटींची यादी उघडली. सत्तावीस नावं होती. चौदावं नाव सागरगौरी, तांडेल सगुण गिरकर, पोफळबंदर. वगळल्याची तारीख ऑगस्ट दोन हजार एकोणचाळीस. खाली तिची सही.

तिने त्या बोटीची वाचनं नकाशावर पसरली. इतर बोटी तीस किलोमीटरच्या आत फिरत. सागरगौरी त्यांच्या पुढे जायची, म्हणून तिच्या आकड्यांना जवळचे शेजारीच नव्हते, आणि चाळणी त्यांची तुलना मागच्या, किनाऱ्याकडच्या बोटींशी करत होती. पोफळबंदरापासून छत्तीस-सदतीस किलोमीटरपर्यंत पाणी चोवीस अंश, वारा दहा-अकरा नॉट. आणि मग पाच किलोमीटरच्या आत पाणी एकदम अठ्ठावीस अंश, वारा बावीस, चोवीस, सव्वीस. वगळण्याआधीच्या दोन सप्टेंबरांत हे त्याच पट्ट्यात एकतीस वेळा नोंदलेलं होतं. जाताना वारा वाढत होता, येताना त्याच ठिकाणी पडत होता.

बिघडलेली भिंगरी एकाच जागी एकतीस वेळा बिघडत नाही आणि परतताना दुरुस्त होत नाही. हे कळायला डॉक्टरेट लागत नव्हती. फक्त बघावं लागत होतं.

ती उठली, खिडकी उघडली, परत बसली. मग तिला ती सभा आठवली.

दोन वर्षांपूर्वी पोफळबंदरच्या मच्छीमार सोसायटीत ती उपकरणांची निगा कशी राखावी हे सांगायला गेली होती. त्याच्या महिनाभर आधी गिरकर रत्नागिरीला तिच्या कचेरीत येऊन गेले होते. तिथे, त्या अमुक जागी, पाणी बदललं की वारा अंगावर येतो, नकाशात तो दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तिला बैठकीला जायचं होतं. "काका, तुमची भिंगरी मोटारीच्या जवळ बांधली असणार," म्हणून तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. आणि सभेत, वाईट निगा कशी असते ह्याचा नमुना म्हणून, तिने त्यांच्याच बोटीचा आलेख पडद्यावर दाखवला होता. लाल सुळकेच सुळके. "ही बोट बघा, हिला रोज एक खाजगी वादळ भेटतं," ती म्हणाली होती. सभा खो-खो हसली. कोणीतरी मागून ओरडलं, "वादळी तात्या!" ते नाव गिरकरांना चिकटलं. पुढे कधीतरी तिच्या कानावर ते आलं तेव्हा, खरं सांगायचं तर, आपला विनोद गावात टिकला ह्याचं तिला बरं वाटलं होतं.

आता खोलीत कोणी नसतानाही तिने संगणकाचा पडदा अर्धा मिटला.

पण शास्त्रज्ञाचं मन मोठं चतुर असतं. अजून खात्री कुठे झालीय, असं तिने स्वतःला सांगितलं. प्रत्यक्ष जाऊन मोजायला हवं. तो गार पाण्याचा पट्टा ऑक्टोबरच्या मध्याला विरत जातो, हातात आठ-दहा दिवस होते. आणि ती जागा नेमकी ठाऊक असलेला माणूस एकच होता.

संस्थेच्या बोटीवर वाटाड्या म्हणून याल का, असं विचारायला ती गिरकरांच्या घरी गेली. ते पडवीत बसून होते. समोर जाळं नव्हतं, सुई नव्हती, हात नुसते मांडीवर.

"माका कित्याक नेतंस, बाय?" ते म्हणाले. "माका आता काय कळणा नाय. माझ्या अंगाक वारो लागलो म्हणून मी सांगत होतंय. तुझो नकाशो म्हणता, वारो नव्हतोच. मगे माका लागलो तो काय?"

"तेच बघायला जायचंय, काका."

त्यांनी उठून खुंटीवरचा सदरा घातला.

सकाळी आठला ते निघाले. पाणी हिरवं, गढूळ आणि शांत होतं. शरयूने दोरीला बांधून सोडलेला तापमापक चोवीस अंश दाखवत होता. वारा दहा नॉट. तिने एक छोटा ड्रोन वर सोडला. अडीचशे मीटर उंचीवर त्याला चोवीस नॉटचा वारा लागला.

"वर आसा काय?" गिरकरांनी विचारलं.

"वर आहे. खाली येत नाहीये."

आणि मग ती त्यांना समजावू लागली. समजावण्यात तिचा हातखंडा होता, आणि बोलत राहिलं की ती सभा आठवत नव्हती. "पावसाळ्यात इथे खोलचं गार पाणी वर येतं. पूर्वी ते दक्षिणेलाच जास्त यायचं, गेल्या दहा वर्षांत इकडेही सरकलंय. ह्या गार पाण्यावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्याला चिकटून पडून राहते. जोराचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो, तिला ढवळू शकत नाही. दुधावर साय धरली की खालचं दूध हलत नाही, तसं. पण पुढे गरम पाणी लागलं की खालून हवा तापते, वर चढते, आणि तिच्या जागी वरची हवा खाली कोसळते. येताना ती आपला सगळा जोर घेऊन येते. म्हणजे वारा नवीन कुठून येत नाही, वर होता तोच खाली उतरतो. दोन पाण्यांच्या मध्ये ही जी शीव असते ना, तिथे समुद्र वाऱ्याला हुकूम देतो."

"आणि सॅटेलाइटाक ह्या दिसणा नाय?"

"सप्टेंबरात ढग असतात. ढगांतून बघणारे उपग्रह आहेत, पण त्यांना एवढी बारीक शीव दिसत नाही. ती बोटींनाच दिसते."

बोटींनाच दिसते, हे वाक्य तिच्या तोंडून गेलं आणि ती थबकली. गिरकर मात्र पाण्याकडे बघत होते.

"हय," ते म्हणाले. "पुढे फेसाची ओळ दिसता ती बघ. थयच."

खरोखरच पाण्यावर फेस, शेवाळ आणि कचऱ्याची एक लांबलचक ओळ होती. पलीकडे पाण्याचा रंग निळा होता. बोट ओळ ओलांडून गेली. तापमापक पंचवीस, सव्वीस, अठ्ठावीस. तीनेक किलोमीटरवर पंख थरथरला, दोर कण्हले आणि बोट एका कुशीवर झुकली. शरयूच्या हातातली वही उडून पाण्यात गेली. भिंगरी पंचवीस नॉट दाखवत होती.

गिरकर पंखाचा दोर सैल करत होते. चेहरा ओला होता, शिंतोड्यांनी की कशाने ते कळत नव्हतं.

"वारो होतो!" ते ओरडले. "होतो गो बाय, वारो होतो! मी खुळो नाय झालंय!"

मग ते फळीवर बसले आणि दोर हातात धरूनच बोलू लागले. ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या सकाळी फेसाची ओळ दिसली तेव्हा त्यांनी निखिलला हाक मारली होती, पंख अर्धो कर. निखिलने हसून फोन पुढे केला होता. तात्या, अकरा हा, नकाशो बघ. आता पुन्यांदा वादळ खयसून आणतंस?

"मी तांडेल. माझो शब्द शेवटचो," गिरकर म्हणाले. "पण माका लाज वाटली, बाय. परत हसतीत म्हणून गप रवलंय. अंगाक कळला होता, मी माझ्याच अंगाक खोटा पाडलंय. माझ्या लाजेन त्या पोराक मारल्यान."

शरयू समोर बसली होती. दोघांच्या गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर. त्या वेळी बोलायला हवं होतं. त्या लाजेचं बी कोणी पेरलं ते तिला ठाऊक होतं, तारीखवार ठाऊक होतं. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "काका, चला परत. आकडे मिळाले आपल्याला."

पुढचं सगळं भराभर झालं आणि नीट झालं, हीच त्यातली वाईट गोष्ट. शरयूचा अहवाल आला. किनाऱ्याजवळच्या गार-गरम पाण्याची शीव, तिच्यावर दुप्पट होणारा वारा. नकाशात सुधारणा झाली. शिवेची जागा आता त्यावर ठळक दिसे आणि बोट जवळ गेली की फोन ओरडे. चौकशी पुन्हा उघडली, अपघाताच्या जागी सव्वीस नॉट वारा असणार हे मान्य झालं, आणि गिरकरांचा परवाना सन्मानाने परत मिळाला. अहवालात शरयूने शिवेला 'नव्याने आढळलेली' म्हटलं होतं. वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. कोकणकन्येने समुद्राची शीव शोधली, असा एक मथळा होता. तिची आई तो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायला निघाली तेव्हा शरयू जेवणावरून उठून गेली.

तिने ती जुनी वाचनं पुसली नव्हती. दाखवलीही नव्हती. रोज सकाळी कचेरीत आल्यावर ती यादी उघडायची, चौदाव्या नावापर्यंत जायची आणि बंद करायची. कोणी अभिनंदन केलं की ती इतकी कमी बोलायची की लोकांना तो तिचा विनय वाटायचा.

डिसेंबरात पोफळबंदरच्या सोसायटीने तिचा सत्कार ठेवला. ती टाळू शकली असती. गिरकरांनी स्वतः फोन केला म्हणून टाळता आलं नाही.

सभागृह तेच होतं. भिंतीवर तोच पडदा. सत्काराची शाल गिरकरांच्या हस्ते द्यायची, असं ठरलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पुढे आले. शाल तिच्या खांद्यावर घालून त्यांनी माईक धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरत असावेत, कारण तो त्यांनी हनुवटीला टेकवला.

"माका बोलूक येणा नाय," ते म्हणाले. "हिणा माझा नाव धुवून दिल्यान. माझ्या पोटच्या पोरीन केला नसता ता केल्यान. देव हिचा भला करो."

आणि आपल्या मुलीच्या वयाच्या त्या बाईपुढे ते वाकले. पाया पडायला.

शरयूने त्यांचे खांदे धरून त्यांना अडवलं. शाल खाली पडली. "नको, काका, नको," एवढंच ती म्हणत होती, आणि समोरच्या लोकांना ते फार हृद्य वाटत होतं. कोणीतरी फोटो काढला. त्या क्षणी तिला कळलं की आता आपण गप्प राहिलो तर हा फोटो आपल्याला जन्मभर बघावा लागेल.

तिने माईक घेतला.

"ही शीव मी शोधलेली नाही," ती म्हणाली. "सगुणकाकांनी शोधली. तीन वर्षांपूर्वीच. त्यांच्या बोटीने एकतीस वेळा ती मोजून माझ्याकडे पाठवली होती. मी ते आकडे उघडून बघितले नाहीत. त्यांची बोट खोटी ठरवून यादीतून काढली, सही माझी आहे. ते मला सांगायला रत्नागिरीला आले, मी त्यांना चहा देऊन घालवलं. आणि ह्याच पडद्यावर त्यांचा आलेख दाखवून तुम्हां सगळ्यांना हसवलं. तुम्ही त्यांना जे नाव ठेवलंत ते माझ्यामुळे. एकोणीस सप्टेंबरला त्यांनी पंख अर्धा करायला सांगितलं होतं. माझा नकाशा अकरा म्हणत होता, म्हणून तो केला गेला नाही. आणि हे सगळं मला ऑक्टोबरपासून माहीत आहे."

सोसायटीचे चेअरमन गडबडीने उठले. "मॅडमचा हा मोठेपणा आहे," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या पदावर असून जाहीरपणे चूक मान्य करायची, ह्याला मन लागतं." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतल्या चार-सहा जणांनी साथ दिली.

"टाळ्या वाजवू नका," शरयू म्हणाली. "कृपा करून वाजवू नका."

टाळ्या थांबल्या. गिरकर अजून तिच्या बाजूलाच उभे होते. त्यांनी खाली पडलेली शाल उचलली, झटकली, घडी केली आणि टेबलावर ठेवली. हे सगळं अगदी सावकाश. मग त्यांनी विचारलं, माईकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"बोटीवर मी तुका सगळा सांगलंय. तेव्हा तू कित्याक नाय सांगलंस?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. भीती वाटली, पद जाईल, नाव जाईल, असलं काहीतरी. ह्या माणसाने मुलासारखा खलाशी गमावल्याचं तिच्यासमोर सांगितलं होतं, आणि तिने स्वतःचं नाव सांभाळलं होतं.

"चूक सगळ्यांची होता," गिरकर म्हणाले. "माझी पण झाली. पण दोन महिने तू माका तुझ्या पाया पडण्याइतको लहान होवक दिलंस."

ते बाहेर गेले. त्यांच्या मागून एकेक करत लोक उठले. तिला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेला सगळं लेखी कळवलं, वाचनांसकट. नकाशाचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं आणि ते योग्यच होतं. बाकीच्या सव्वीस वगळलेल्या बोटींची वाचनं दुसऱ्या लोकांनी तपासली. त्यांतल्या तीन बोटी खरं बोलत होत्या. चाळणी बदलली. आता वगळलेली बोट असेल, तर तिच्या तांडेलाशी बोलल्याशिवाय सही चालत नसे. हे सगळं शरयूला पत्राने कळलं.

जानेवारीत एका दुपारी सायली धुरीचा फोन आला. ती गावातल्या अंगणवाडीत शिकवायची. "तुम्ही सभेत बोललात ते मला लोकांकडून कळलं," ती म्हणाली. "मी सभेला नव्हते. माझ्या समोर येऊन सांगा."

शरयू गेली. लहानसं घर, दारात मुलीची सायकल. सायलीने तिला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली. शरयूने सभेत सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हणजे नकाशात ती शीव असती तर निखिलने तात्यांचं ऐकलं असतं?"

"हो," शरयू म्हणाली. असं नक्की सांगता येत नाही, ह्या अर्थाची दोन-तीन वाक्यं तिच्या जिभेवर आली होती. ती तिने गिळली. "हो. ऐकलं असतं."

सायलीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी समितीच्या दिवशी तात्यांच्या पायाशी थुंकले. तुम्ही बघितलंत ना? नंतरही दोन महिने त्यांच्या दारावरून जाताना शाप दिले. ऐकू जाईल असे. परवाना परत मिळाला तेव्हासुद्धा मला वाटलं, वशिला असेल. त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. आता मला त्यांच्याकडे जायचंय आणि माझी हिंमत होत नाही." तिने मुलीच्या वहीतला एक कोरा कागद फाडून पुढे केला. "तुम्ही लिहून द्या. तो कागद घेऊन जाईन."

शरयूने मांडीवर पाटी घेऊन लिहिलं. तांत्रिक कारणांमुळे सागरगौरी बोटीची वाचनं वगळली गेली होती.

सायलीने उभ्याउभ्या वाचलं. "कोणी वगळली?"

शरयूने ते खोडून खाली लिहिलं. संस्थेकडून वाचनं वगळण्यात आली होती.

"संस्था म्हणजे कोण?" सायलीचा आवाज चढला नव्हता. अंगणवाडीतल्या मुलाला अक्षर चुकलं की सांगावं, तसा तो होता. "नाव लिहा."

कागदाची वरची बाजू खाडाखोडीने भरली होती. शरयूने तो उलटा केला. तिने आयुष्यात शेकडो पानं लिहिली होती, पण त्यांतल्या एकाही पानाची सुरुवात ह्या शब्दाने केल्याचं तिला आठवेना.

मी, शरयू दत्ताराम खवणेकर, सगुण गिरकर यांच्या बोटीचे आकडे न बघता खोटे ठरवले. ते खरे होते. वारा होता. हे कळल्यावरही मी दोन महिने लपवलं.

सायलीने ते दोनदा वाचलं. सही करायला सांगितली. सही झाल्यावर कागदाची घडी न घालता तो तसाच हातात धरून तिने चपला घातल्या, आतून मुलीला हाक मारली, तिचा हात धरला आणि गिरकरांच्या घराकडची दगडी पायऱ्यांची पाखाडी चढू लागली.

शरयू स्टुलावर बसून राहिली. तिला कोणी जा म्हणालं नव्हतं, थांबही म्हणालं नव्हतं. वरच्या बाजूला एका दाराची कडी वाजली आणि सगुण गिरकरांचा आवाज आला, "कोण ता? सायली? ये गो, भायेर कित्याक रवलंस?"